नऊ म्हणजे इतर

माझ्या सासऱ्यांना पंपाच्या कुठल्याही भागाचा नंबर वाचून दाखवा, ते डोळे मिटून तो भाग सांगतात. यात जादू काही नाही, नंबर त्यांनीच बनवलेत. चौदा आकडी. पहिला आकडा प्रकाराचा, पुढचे दोन तो भाग कशाचा बनलाय त्याचे, मग व्यास, आणि शेवटच्या चार आकड्यांत काय असतं ते मामंजींनाच ठाऊक. तीस वर्षांपूर्वी कारखाना काढला तेव्हा त्यांनी ही पद्धत बसवली. तिला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नाही. घरातल्या किल्ल्यांनाही त्यांनी असेच नंबर दिलेत. पुढे ते स्वयंपाकघराकडे वळले, तेव्हा सासूबाईंनी नुसतं बघितलं आणि डबे बचावले.

सासूबाई कारखान्याचं स्टोअर सांभाळतात. माल पाठवायचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. ते हाती आलं त्या महिन्यापासून मी म्हणत होते, साधे ओळीने नंबर देऊ या, एक, दोन, तीन. नंबराने भाग ओळखावा, बाकीची माहिती शेजारी लिहावी. मामंजी म्हणायचे, ज्या आकड्याला अर्थ नाही तो आकडा कसला? दर वेळी पालथ्या घड्यावर पाणी.

मग आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा पंप गळला. त्यांच्या यादीतला नंबर बघून मी नवी रिंग पाठवली, तरी पुन्हा गळला. तिसऱ्यांदा गळला तर दुसरीकडे बघू, असं त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं. चुकीची रिंग गेली म्हणून खापर माझ्यावर फुटलं. मामंजी रागावले असते तर बरं झालं असतं. उद्यापासून तू फोन सांभाळ, माल पाठवायला दुसरं कुणी बघू, असं ते प्रेमाने म्हणाले. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा संतापही आला. चौदाच्या चौदा आकडे मी दोनदा ताडून पाहिले होते.

तेवढ्यात सासूबाई स्टोअरमधून दोन खण घेऊन आल्या आणि मामंजींच्या टेबलावर ठेवले. दोन्हींत रबरी रिंगा होत्या. एका खणाचा नंबर चारने सुरू होत होता, म्हणजे सील. दुसऱ्याचा नऊने, म्हणजे इतर. रिंगा शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं, वस्तू एकच, फक्त चारमधली अर्ध्या मिलिमीटरने जाड. गेल्या वर्षी मामंजींनी जाडी वाढवली ती चारच्या नंबरात. नऊमधली पातळच राहिली, कारण ती तिथे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. गिऱ्हाइकाच्या यादीत मात्र नऊचाच नंबर होता.

"ही नऊमध्ये कुणी टाकली?" मामंजींनी विचारलं.

"मी. पहिल्यांदा आली तेव्हा तुम्ही बाहेरगावी होतात. सील म्हणावं की वॉशर, मला कळेना. मागाहून तुम्ही तिलाच चारचा नंबर दिलात."

आणि इतकी वर्षं ताकास तूर लागू न दिलेलं सगळं बाहेर आलं. शंका आली की नऊ. माल घाईत उतरला की नऊ. मामंजींची दुपारची झोप मोडायची नसली, तरी नऊ. स्टोअरमधल्या दर तीन भागांपैकी दोन "इतर" निघाले. मला हसू आवरेना, पण मामंजींचा चेहरा बघून ते गिळलं.

"तीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस?"

"नंबर वाचताना तुम्ही इतके खूश असायचात," सासूबाई म्हणाल्या. "पण आज पोरीवर आलं."

मामंजींनी ती पातळ रिंग बाजूला सारली. मग मला म्हणाले, जाड रिंग तूच पाठव. ती गेली, आणि पंप गळायचा थांबला.

सोमवारी त्यांनी कोरं रजिस्टर माझ्यापुढे टाकलं. तुझे एक-दोन-तीन कर म्हणाले, पण वर्णनाचा रकाना मोठा ठेव, तो मी भरणार. मी रकाने आखले. शेवटचा होता "शंका आल्यास". नंबर एक त्याच रिंगेला दिला. मामंजींनी वर्णन पानाबाहेर जाईल इतकं लिहिलं, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, "नऊ घालू नये. हिला विचारावं." दुसऱ्या ओळीत तेच. तिसऱ्या ओळीतही तेच.

सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावरून ते "हिला" वाचलं.

"दोन हजार ओळी आहेत," त्या म्हणाल्या. "हात दुखेल."

मामंजी लिहीत राहिले.