तोटीवरचा हात

उभी हयात कमरुद्दीनने काँक्रीट कालवलं, पण पाण्याच्या बाबतीत कधी कुणाचं ऐकलं नाही. माल कोरडा दिसला की सोड पाणी, हा त्याचा खाक्या. आज मात्र पोटची पोरगीच साइटवर इंजिनिअर होती. सुहैलाने सकाळीच बजावलं होतं, "अबाह, मोजून दिलंय तेवढंच पाणी. जास्त गेलं तर सांधा कच्चा राहील, सगळं फोडून काढावं लागेल."

सांधा त्यांच्याच गावच्या पुलाचा होता. नदीवर दोन गर्डर शेजारी शेजारी बसले होते आणि मधली फट या नव्या जातीच्या काँक्रीटने भरायची होती. गर्डर इतके सडपातळ, की यावर म्हैस तरी चढेल का, अशी कॉफीच्या टपरीवर थट्टा चालायची. सुहैलाचा हा पहिलाच पूल. तो बिघडला असता तर बापलेकीला त्या टपरीवर तोंड दाखवायची सोय उरली नसती.

मिक्सर केव्हाचा फिरत होता आणि मोजलेलं पाणी पडूनही आत नुसती राखाडी भुकटी उडत होती. कमरुद्दीनचे हात शिवशिवायला लागले.

"हे काय काँक्रीट म्हणायचं? तोंडाला लावायची पावडर आहे नुसती!"

"गप उभा राहा की," जोडीदार मुनियांडी म्हणाला. "पोरीने सांगितलंय ना?"

सुहैलाची पाठ वळली. पोरीचंच भलं करतोय, अशी मनाची समजूत घालत त्याने हळूच तोटी फिरवली. पाणी आलंच नाही. पुरती उघडली, तरी ठणठणाट.

तेवढ्यात मिक्सरचा आवाज जड झाला. भुकटीचे गोळे झाले, गोळे एकमेकांत मिसळले आणि बघता बघता मधासारखा चकचकीत माल पात्यांवरून ओघळू लागला. कमरुद्दीन बघतच राहिला.

"टाकीची चावी मी बंद करून ठेवली होती, अबाह," मागून सुहैला म्हणाली. "आई म्हणाली, तुझा बाप भाताचंही झाकण काढून पाणी ओततो."

मुनियांडी पोट धरून हसला. कमरुद्दीनही हसला, पण त्याला मनातून फार लागलं. चूक आपलीच, म्हणून जास्तच लागलं.

सांध्यात माल ओतून झाला. दुसरी खेप मिक्सरमध्ये पडली, तेव्हा तो म्हणाला, "चावी उघड."

"अबाह, कशाला उगीच..."

"उघड म्हणतो ना."

सुहैलाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग टाकीची चावी उघडली आणि ती पुलाकडे चालू लागली. भुकटी पुन्हा तशीच कोरडी फिरत होती. कमरुद्दीनने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. सुहैलाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.