मांडवातली शेळी आणि मामीची चटणी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि लग्नाच्या मांडवात शिरलेली एक शेळी डोळ्यांसमोर आणा. नवरदेव अक्षता पडायची वाट बघतोय आणि ही त्याच्या मुंडावळ्या चघळतेय. दिसली? सिद्धेश्वरीलाही ती अशीच दिसायची. शेळी एका कादंबरीतली होती, आणि त्या कादंबरीवर टीव्हीची मालिका काढत होता सिद्धेश्वरीचा सोमशेखरमामा.

मामा सोलापुरात बसून कादंबऱ्यांच्या मालिका लिहायचा आणि स्वतःच त्या काढायचा. त्याचा एक नियम होता. लिहिलेला भाग चॅनेलला पाठवण्याआधी तो घरी वाचून दाखवायचा. ऐकता ऐकता कुणी पाणी प्यायला उठलं, की प्रसंग कंटाळवाणा ठरायचा आणि मामा त्यावर काट मारायचा.

नियम चांगलाच होता. घोटाळा व्हायचा तो काशम्मामामीमुळं. वाचन निम्म्यावर आलं, की ती सगळ्यांपुढं कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवायची. चटणी अशी, की पहिल्याच घासाला कान गरम व्हावेत. म्हणून तर मागच्या मालिकेतला नायक सोमवारी विहिरीत पडला आणि मंगळवारी कोरड्या धोतरात जेवायला बसला. तो वर कसा आला, हे कुणालाच कळलं नाही.

आज शेळी मांडवात शिरली आणि ताटल्याही तेवढ्यातच आल्या. शेजारच्या गुरप्पाकाकांनी घास घेतला आणि ते उठून स्वयंपाकघराकडं पळालेच. “नीर कोडव्वा, नीर!”

मामी पाण्याचा तांब्या घेऊन धावली. मामानं लाल पेन काढलं. “शेळी गेली.”

“मामा, शेळी कंटाळवाणी न्हाय! चटणी तिखट हाय!”

“आवडता प्रसंग गेला की सगळे असंच म्हणतात, सिद्धू.”

“माझी चटणी तिखट?” मामी आतून कडाडली. “काय हो गुरप्पाण्णा?”

“छे छे, लई गोड हाय की,” डोळे पुसत काका म्हणाले.

सिद्धेश्वरीनं मामाचं पेन घट्ट धरलं. “परत वाच. कुणी उठलं न्हाय, तर शेळी ठेवायची.”

“ठेवली. पण एक जण जरी उठला, तरी उद्या सकाळी भाग शेळीशिवाय जाणार.”

सगळे पुन्हा बसले. मामा घसा खाकरून वाचायला लागला. फुगलेल्या मामीनं काकांच्या ताटलीत मुद्दाम मूठभर चटणी वाढली. “गोड हाय ना? मग खावा!”

काका बिचारे भिडेखातर खात राहिले. तिकडं शेळीनं मुंडावळीचं टोक तोंडात धरलं. इकडं काकांचं टक्कल घामानं चमकायला लागलं, मिशा थरथरल्या. त्यांनी एक हात जमिनीवर टेकला, गुडघा उचलला.

सिद्धेश्वरी उठली नाही. बसल्या बसल्याच सरकत सरकत गेली, काकांच्या मांडीवर ऐसपैस बसली आणि म्हणाली, “वाच मामा, वाच. काका लई रंगून ऐकायलेत.”