डावी बाजू उताराला

"अहो, भाज्या चिरायची पाटी कुठे गेली?"

"असेल तिथेच," अंगणातून आवाज आला. "लाकडी ना?"

"लाकडी मागेच तडकली, फेकून दिली. पांढरी. प्लास्टिकची, जाड."

यावर अंगणातून फक्त ठोकाठोक ऐकू आली. उत्तर न येण्याचा अर्थ काय, हे पाणीबाईला संसाराच्या इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. ती सुरी हातात घेऊनच बाहेर आली.

तिचा नवरा, कारखान्यातल्या कामावरून ज्याला सगळे फिटर म्हणत, मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी फतकल मारून बसला होता. पांढऱ्या पाटीचा एक तुकडा चेनला खालून आधार देत दोन बोल्टांवर बसला होता. उरलेली पाटी शेजारी जमिनीवर होती. तिची कापलेली कड उंदराने कुरतडावी तशी दिसत होती.

"चेन खड्ड्यात उसळून निसटायची," तो वर न बघता म्हणाला. "आता बिशाद नाही तिची. हे प्लास्टिक एक नंबर. स्वतः झिजेल, पण चेनला ओरखडा देणार नाही."

"मग कांदा कशावर चिरू? पेट्रोलच्या टाकीवर?"

"उरलाय की तुकडा. कांद्याला पुरेल."

तिने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. केक भाजायचा ट्रे असाच इंजिनाखाली गेला होता, दगड लागू नयेत म्हणून. हातांना फांद्या लागू नयेत म्हणून तेलाचा मोठा कॅन मधोमध चिरून हँडलच्या दोन्ही बाजूंना पंजे होऊन बसला होता. जुन्या पलंगाचे पाइप मागे रॅक होऊन बसले होते आणि मोरीचा उरलेला पाइप झाकण लावून पान्यांची नळी झाला होता. घरी पाहुणे आले तर त्यांना गाडीवरच बसवावं लागेल, कारण निम्मं घर तिथेच आहे, असं ती त्याच्या बहिणीला फोनवर म्हणाली होती. बहीण हसली. पाणीबाई हसली नव्हती.

गाडी मूळची त्याची. उंच, दणकट, डांबरावर चालेल तशीच डोंगरातल्या दगडमातीवरही चालेल अशी. सुट्टीच्या दिवशी ती घेऊन तो जिकडे वाट नाही तिकडे जायचा. मग हाताला कंप सुरू झाला. आधी चहाचा कप, मग सही, मग कारखान्यातलं काम. गाडी त्याने आपणहून सोडली आणि त्याबद्दल पुन्हा बोलला नाही. पाणीबाई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन झऱ्यांचे, टाक्यांचे नमुने आणायचे, हे तिचं काम. म्हणूनच तिकडचे लोक तिला पाणीबाई म्हणत. ऑफिसची जीप मोडीत निघाली आणि नवी येईना, तेव्हा केस पांढरे व्हायच्या वयात ती ही गाडी शिकली. शिकवायला तोच. त्या दिवसापासून गाडी तिची झाली आणि गाडीचं काम त्याचं.

तेवढंच काम त्याच्याकडे उरलं होतं, हे तिला माहीत होतं. म्हणून ती सुरी आत ठेवून आली.

"बस जरा," तो म्हणाला. "आज बस आणि पाय टेकव."

"मला उशीर होतोय."

"टेकव तर."

ती बसली. आणि पहिल्यांदाच तिची दोन्ही पावलं जमिनीला लागली, पूर्ण, टाचांसकट. इतके दिवस ती एका पायाच्या चवड्यावर गाडी पेलत होती आणि सिग्नलला उभी राहिली की मांडीत गोळा यायचा.

"मागच्या शॉकअपच्या पट्ट्या बदलल्या," फिटर म्हणाला. "या लांब घातल्या की गाडी उलट खाली बसते. भोकं मशीनवर पाडली. केसभर फरक नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. याहून जास्त कौतुक केलं तर उद्या उशीही गाडीच्या सीटमध्ये जाईल, हे ती जाणून होती.

मग नेहमीच्या सूचना सुरू झाल्या. गाडीच्या उजव्या बाजूला नमुन्यांचा डबा होता, जुन्या फ्रिजच्या दारातला फोम कापून त्यानेच बनवलेला. त्याचा पट्टा दोनदा ओढून बघ. चढावर दुसऱ्या गिअरला हट्ट करू नकोस. ट्रेवर दगड वाजला तर घाबरू नकोस, ट्रे त्यासाठीच आहे. "आणि लावताना डावी बाजू उताराला ठेव. सपाटीवर लावू नकोस."

"हो."

"ऐकलंस का? डावी बाजू उताराला."

"हो हो," ती म्हणाली आणि निघाली. फाटकाबाहेर वळेपर्यंत त्यातलं निम्मं तिच्या डोक्यातून गेलंही होतं. सूचनांचं असंच होतं. रोज दहा दिल्या की अकरावी कुणी ऐकत नाही.

वरच्या वस्तीत मुलांना पोटाचा त्रास होत होता. टाकी संशयित होती, पण टाकीत येणारा झराही असू शकत होता, म्हणून दोन्हीकडचे नमुने हवे होते, आणि तेही त्याच दिवशी बर्फात प्रयोगशाळेत पोचलेले. पाणीबाईने गाडी टाकीजवळच्या ओट्यावर लावली. ओटा फरशीचा, अगदी सपाट. गाडी जरा ताठ उभी वाटली, पण नव्या उंचीमुळे तसं वाटत असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

टाकीची किल्ली ज्या बाईकडे असे तिला सगळे टाकीवाली म्हणत. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"नळ नुसता सोडून काय ठेवलाय? पाणी वाया नाही का जात?" टाकीवालीने विचारलं. "आम्हाला तर तुम्हीच ओरडता."

"पाइपात साठलेलं पाणी आधी जाऊ द्यायचं. नाहीतर आपण टाकी तपासत नाही, पाइप तपासतो."

"म्हणजे तुम्ही सोडला तर शास्त्र आणि आम्ही सोडला तर आळस."

पाणीबाईला हसू आलं. तिने नळाचं तोंड ज्योतीने शेकलं, बाटलीचं बूच आतून हात न लावता काढलं, वर थोडी जागा ठेवून बाटली भरली. सगळं नेहमीसारखं. झऱ्यावर जाऊन आली. भरलेल्या बाटल्या एकेक करून डब्यात बर्फात रोवल्या, झाकण लावलं, पट्टा दोनदा ओढून बघितला. हातमोजे आणायला वळली.

मागे आवाज झाला. फार मोठा नाही. भरलेलं कपाट आडवं व्हावं तसा.

"बाई," टाकीवाली म्हणाली, "तुमची गाडी आपली आपणच झोपली."

दोघींनी मिळून गाडी उभी केली. तेलाच्या कॅनचा पंजा फुटला होता, पण ब्रेकचा लिव्हर शाबूत होता. डब्याचं झाकण उडालं होतं. दोन बाटल्या तेवढ्या धड राहिल्या होत्या, आणि त्या दोन्ही टाकीच्या. झऱ्याची एकही नाही. जादा निर्जंतुक बाटली जवळ नव्हती. म्हणजे उद्या पुन्हा.

पाणीबाई गाडीशेजारी उकिडवी बसली आणि संताप बाजूला ठेवून पाहू लागली, जसं ती सूक्ष्मदर्शकातून पाहत असे. कारण सोपं होतं, शाळेतल्या मुलालाही समजेल असं. गाडी खाली बसली, पण साइड स्टँड पूर्वीइतकाच लांब राहिला. त्यामुळे गाडी डावीकडे कलेना, काठी गिळल्यासारखी सरळ उभी राहिली. उजव्या डब्यात पाणी आणि बर्फ भरल्यावर तोल तिकडे गेला. स्टँड तेवढाच कापून आखूड करायला हवा होता. हे फिटरला कळलं नाही? पट्ट्यांच्या भोकांत केसभर फरक न ठेवणाऱ्या माणसाला?

मग तिला स्टँडवरच्या रेघा दिसल्या. खालच्या टोकापासून जरा वर, रंग खरवडून लोखंड उघडं पडलं होतं. एक रेघ नव्हती, पाच-सात होत्या. प्रत्येक निराळ्या जागी सुरू झालेली, प्रत्येक वाकडी होऊन सुटलेली. करवत लागली होती, घसरली होती, पुन्हा लागली होती. एकही रेघ खोल गेली नव्हती.

डावी बाजू उताराला ठेव, तो म्हणाला होता. दोनदा.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी दोन बाटल्या उचलून बघितल्या आणि खाली ठेवल्या. मॅडम वयाने लहान, बोलायला सरळ. "झऱ्याशिवाय याला अर्थ नाही. उद्या परत जावं लागेल. आणि बाई, राग मानू नका, पण एकतर गाडी गॅरेजमधून नीट करून घ्या, नाहीतर ती वस्ती मी दुसऱ्याला देते. तिथे मुलं आजारी आहेत. कुणाच्या छंदावर आपले नमुने अवलंबून नकोत."

"छंद नाही तो," पाणीबाई म्हणाली. मग ती बाटल्यांवरच्या ओल्या चिठ्ठ्या नीट करू लागली.

घरी जाताना ती गॅरेजवर थांबली. गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ट्रेला बोटाने टिचकी मारली.

"यात शिजवता काय? हे सगळं काढतो, बाई. शोरूममधून निघाली तशी करून देतो."

"आणि स्टँड?"

"कापला, जोडला, झालं. चहा संपायच्या आत."

ती किल्ली हातात धरून उभी राहिली. चहा संपायच्या आत. फिटर फाटकात उभा असेल. गाडीकडे बघेल, कापाची जागा बघेल, सरळ काप, आणि काही म्हणणार नाही. उद्यापासून तो अंगणात येणार नाही, घरातून पाटी गायब होणार नाही, आणि ती ज्या शांततेसाठी रोज देवाला साकडं घालते ती शांतता घरात येऊन बसेल. तिला या विचाराचा राग आला, गॅरेजवाल्याच्या टिचकीचा आला, आणि सगळ्यात जास्त फिटरचा.

"सकाळी येते," ती म्हणाली. "फक्त वेल्डिंगला. बाकी कशाला हात लावायचा नाही."

फिटर फाटकातच होता. त्याने फुटलेला पंजा बघितला, मग उजवा डबा.

"उजवीकडे पडली?"

"तुम्हाला माहीत होतं."

"सांगितलं होतं की. डावी बाजू—"

"काय करायचं ते सांगितलंत. का, ते सांगितलं नाहीत. अहो, मुलांच्या पाण्याचे नमुने होते. झऱ्याचे सगळे फुटले. मी त्या बाजूला उभी असते आणि गाडीखाली आले असते तर?"

त्याने चाकावरची माती अंगठ्याने खरवडली. "ब्लेड बोथट होतं," तो म्हणाला. "नवीन आणून करणार होतो."

बाकावर करवत पडली होती. तिच्यातलं ब्लेड नवंच होतं, दुकानातलं तेल त्यावर अजून चमकत होतं. पाणीबाईचं आयुष्य दिसलं तसं लिहिण्यात गेलं होतं. पण हे दिसलेलं तिने कुठेच लिहिलं नाही.

"असेल बोथट," ती म्हणाली. "चालवून बघू. स्टँड सोडवा."

"कोण, तू कापणार?"

"मग काय शेजारच्यांना बोलावू?"

गाडी भिंतीला टेकवून त्याने स्प्रिंग काढली. ते त्याला जमलं, वेळ लागला, पण जमलं. स्टँड बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळल्यावर त्याने माप सांगितलं. पट्टी न लावता, बोटाने दाखवून. तिने पट्टी लावून पाहिलं. बरोबर होतं. खालचा पाय तसाच ठेवून मधला तुकडा काढायचा म्हणून तिने वर-खाली दोन खुणा केल्या.

"दाबू नकोस. अगं, पुढे जाताना दाब. मागे येताना नुसतं यायचं."

"तेच करतेय."

"तू फरशी पुसतेयस. करवत आहे ती. पूर्ण लांबी वापर, निम्मं ब्लेड काय पूजेला ठेवायचंय?"

"बोथट आहे म्हणे."

तो थांबला. मग म्हणाला, "तोंड सांभाळ आणि रेघ सांभाळ." पण त्याच्या आवाजात कारखान्यातला जुना तोरा आला होता आणि तो तिला ऐकायला बरा वाटला, जरी त्याच क्षणी तिचा खांदा निखळायच्या बेतात होता.

निम्म्यावर स्टँड थरथरू लागला. फिटरने सवयीने त्याच्यावर हात ठेवला होता, आधार द्यायला. हाताचा कंप लोखंडात उतरला, लोखंडातून ब्लेडमध्ये, आणि ब्लेड कुरकुरत रेघेबाहेर जाऊ लागलं. पाणीबाईने करवत थांबवली नाही. मान वर केली नाही.

फिटरने हात काढून घेतला.

"व्हाइस घट्ट आहे," तो म्हणाला. "धरायची गरज नाही." आणि हात खिशात घातला.

खालची खूणही कापून झाली तेव्हा पाइपाचा मधला तुकडा, अंगठीहून जरा रुंद, टणकन फरशीवर पडला. फिटरने वाकून तो उचलला, कड अंगठ्याने तपासली.

"वेल्ड मारू दे त्या गॅरेजवाल्याला," तो म्हणाला. "माप माझं आहे, एवढं सांग."

"सांगते."

"आणि तो पंजा उद्या नवीन करतो. तेलाचा कॅन संपत आलाय ना?"

"नाही. भरलेला आहे. त्याला हात लावाल तर बघा."

ती आत गेली. कापलेल्या पाटीच्या उरलेल्या तुकड्यावर कांदा ठेवला. तुकडा खरंच कांद्यापुरता होता, चिरलेलं सगळं दोन्ही बाजूंनी ओट्यावर सांडत होतं. बाहेरच्या खोलीत फिटर खुर्चीत येऊन बसला. थोड्या वेळाने तिला एक बारीक आवाज येऊ लागला. लोखंडावर लोखंड, अगदी हलकं, न थांबता. घरच्या किल्ल्या ज्या खिशात असतात त्याच खिशात त्याने तो तुकडा ठेवला होता, आणि हातही तिथेच होता.

मग आवाज एकदम थांबला; तो त्यालाही ऐकू आला असावा. खुर्ची करकरली.

पाणीबाईने हात पुढे करून नळ सोडला, पूर्ण. खाली भांडं नव्हतं, धुवायलाही काही नव्हतं, पण पाण्याच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. तिने तो तसाच वाहू दिला आणि कांदा चिरत राहिली.