नवी चिप भराभर मोजते

दुपारी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता आणि गाडी अजून खोकत होती.

तडतडीने पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन दोन उचक्या देऊन गप्प. ती उतरली, चाकाला लाथ घातली, पुन्हा आत बसली. बूड एका जागी ठरेना.

तडतडी हे नाव दादाने ठेवलेलं. ती टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करायची, तो लेथवर उभा राहायचा. तरुणपणी दोघांनी या गाडीचा कार्बोरेटर उपटून घरच्या घरी पेट्रोल फवारणारं इंजेक्शन बसवलं होतं. नळ्या त्याच्या, सर्किट तिचं. आता सर्किटमधली चिप मेली होती, आणि कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलेलं. 'कालबाह्य' एवढा एक शब्द लिहून हात झटकले. मेल्यांचं काय जातं? बाजारात मिळाली ती निघाली दुसरीच, वरचं नाव घासून नवं छापलेली. शेवटी तिने नव्या जातीची चिप बसवली, जुना प्रोग्रॅम तिच्यावर उतरवला. तरी हीच रड.

"झालं का?" दादा वर्कशॉपच्या दारातून ओरडला. लेथने त्याचे कान खाल्ले होते, त्यामुळे साधं विचारलं तरी भांडल्यासारखं वाटायचं. "नवं मशीन येतंय. जागा लागेल मला."

"होईल."

"प्रेताला किती पावडर फासशील?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिने मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये जुना प्रोग्रॅम उघडला. आणि दिसलं. इंजेक्टर उघडायचा, वेळ जावा म्हणून नुसतं मोजत बसायचं, ठरल्या आकड्याला बंद करायचा. तेव्हा तिला एवढंच जमायचं. जुनी चिप रमतगमत मोजायची. ही नवी कार्टी डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळी. पेट्रोल पोचणार कुठून?

तिने आकडा दणकून वाढवला. इंजिन पेटलं, काळा धूर ओकलं, बंद पडलं.

मग तो जुना आकडा आला कुठून होता? हिशेबातून नाही. दादा इंजिनाला कान लावून "अजून थोडं" म्हणायचा आणि ती वाढवायची. बस, एवढंच.

म्हणजे आता त्याच्याच पाया पडायचं. ज्याने ट्रक बोलावला त्याच्या. ती दातओठ खात उतरली.

"दादा, इंजिन ऐकून सांग."

"बहिऱ्याची थट्टा करतेस?"

"कान नको. हात ठेव."

तो चिंध्यांनी हात पुसत आला आणि इंजिनावर तळवा टेकला. तिने आकडा थोडा कमी करून किल्ली फिरवली. गाडी थरथरली, पण चालू राहिली.

"जाड चालतंय, पेट्रोल जास्त होतंय. कमी कर."

तिने केला.

"एवढं नाही गं, घाईची पोर. जरा वर."

थरथर उतरत गेली. फाटकाशी हॉर्न वाजला. तिथे झोपलेली कुत्रीसुद्धा उठली. दादाने डोळे मिटले होते.

"दादा."

पुन्हा हॉर्न, या वेळी लांबलचक. तिची बोटं कीबोर्डवर नुसतीच नाचत होती.

"दादा, ट्रक आलाय. हॉर्न वाजवतोय."

"मला ऐकू येत नाही," दादा म्हणाला. "अजून थोडं."