शंभर मीटरच्या आत

"थांबव, थांबव! पिशवीत मुंडकं दिसतंय!"

पडद्यासमोर बसलेली मेंगताई ओरडली, तशी वेनछ्याओने पट्ट्यावरची काळी पिशवी बाजूला ओढली. चीनमधल्या कुनमिंग शहराच्या या मेट्रो स्थानकावर ती वर्षभर प्रवाशांचं सामान तपासत होती. मुंडकं आज पहिल्यांदाच आलं होतं.

"उघडा जरा," म्हणत तिने वर बघितलं आणि तिची जीभच अडखळली. हा तर लुओ बिन! पंधरवडाभर ती मोबाइलवर ज्याच्याशी बोलत होती, तो. ओळखी जुळवण्याच्या त्या अ‍ॅपवर त्याचा हसरा फोटो होता आणि खाली तो किती अंतरावर आहे तेही दिसायचं. तिच्या नावापुढे मात्र नुसतं डाळिंबाचं चित्र, आणि अंतर बंद. मागे एकदा ते चालू होतं, तेव्हा कुणीतरी आकडा कमी होईल त्या दिशेने चालत थेट तिच्या वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता.

पिशवीतून निघालं ते केस कापायच्या सरावाचं रबरी डोकं, अर्धवट भादरलेलं. सोबत दोन कात्र्या. रांगेत खसखस पिकली.

"सलूनमध्ये शिकतोय," कानापर्यंत लाल होत तो पुटपुटला.

अ‍ॅपवर त्याने लिहिलं होतं, घरांची सजावट करतो. वेनछ्याओ हसली नाही. कात्र्यांची पाती तपासून तिने ते डोकं हलक्या हाताने परत आत ठेवलं.

संध्याकाळी ती तांदळाच्या शेवया खात असताना त्याचा निरोप आला. "खोटं बोललो तुझ्याशी. मी केस कापतो. आज मेट्रोत सगळ्यांसमोर फजिती झाली."

"मग?"

"तपासणीवाली मात्र हसली नाही. तेव्हाच वाटलं, तुलाही खरं सांगून टाकावं."

तिने लगेच विचारलं, "दिसायला कशी होती?"

"कोण जाणे! त्या गणवेशात सगळ्या सारख्याच. ते सोड, तुझा फोटो कधी पाठवतेस?"

तिने शेवयांचा वाडगा बाजूला सारला. मग लिहिलं, "सकाळी मेट्रोत आजूबाजूला बघ."

सकाळी कामावर उभं राहण्याआधी तिने अंतर चालू केलं.

"आज काय गं, चेहरा एवढा खुललाय?" मेंगताईने टोमणा मारला.

"बघायचंय, कुणी ओळखतं का."

लुओ बिन आला. पिशवी पट्ट्यावर टाकून त्याने मोबाइल बघितला आणि जागीच थबकला. शंभर मीटरच्या आत! त्याने रांगेतल्या विद्यार्थिनीकडे बघितलं, लाल छत्रीवालीकडे बघितलं, सरकत्या जिन्यावरून उतरणाऱ्या दोघींकडे मान उंचावून बघितलं. त्याची नजर वेनछ्याओच्या टोपीवरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

ती थांबली. आणखी जरा थांबली. मग तिने त्याची पिशवी उचलून त्याच्यापुढे धरली.

"भाऊ, पुढे व्हा. मागे लोक खोळंबलेत."

"हो हो, माफ करा ताई," तो म्हणाला, आणि पुन्हापुन्हा मागे वळून बघत गर्दीबरोबर खाली उतरला.