सम्राट, कमांडर आणि एकच चादर

मी एक जुनी चादर आहे आणि मित्रांनो, तीन वर्षं अख्ख्या विश्वाचं भवितव्य माझ्यावर अवलंबून होतं. उरलेला काळ मी ईरम्मांच्या लोखंडी कॉटवर असायचे.

माझा जन्म सोलापुरातल्याच एका मागावर झाला. आम्हा चादरींना उलटी-सुलटी बाजू नसते. माझ्या एका बाजूला काळ्यावर पांढरी फुलं आहेत, दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर काळी. फुलं तीच, सूतही तेच. नंदीशला लहानपणी गोवर आला तेव्हा ईरम्मांनी लेकाला माझ्यातच गुंडाळलं. कुठली बाजू आत गेली, हे कुणी पाहिलं नाही. पुण्याचे पाहुणे मला चिमटीत धरून “अस्सल आहे हो” म्हणायचे. कोपरा उसवला तेव्हा ईरम्मांनी लाल दोऱ्याने टाके घातले. एकूण बरं चाललं होतं.

मग सात रस्त्याजवळच्या नंदीशच्या गणेश मंडळाने अवकाशनाट्य करायचं ठरवलं. दरवर्षी एक भाग. लेखक होते श्रीशैल सर, ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे. नंदीश झाला दुष्ट सम्राट आणि शेजारचा पृथ्वीराज विश्वरक्षक कमांडर. दोघांनाही खांद्यावरून काहीतरी रुबाबदार सोडायचं होतं. “भजनाला अंथरायला पायजे” असं आईला सांगून नंदीशने मला आणलं. गणपतीत ईरम्मा माहेरी, वळसंगला जात, त्यामुळे भजन कसं झालं ते त्यांना कळलं नाही.

सम्राटाला माझी काळी बाजू, कमांडरला पांढरी. एक जण विंगेत आला की मला ओढून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकत. त्यामुळे विश्वातलं सर्वांत मोठं युद्ध दोन भाग होऊन गेले तरी शत्रूंची गाठ न पडता चाललं होतं. लोक म्हणाले, सरांचं लेखन लई खोल आहे.

तिसरा भाग शेवटचा. मंडळाचे अध्यक्ष जोतिराम तालमीला आले आणि म्हणाले, “सर, यंदा वाईटाला जाळायचं बगा. लोकांना शेवट कळाय पायजे की.”

“पण सम्राट वाईट नाही हो,” सर म्हणाले. “कमांडरच्या वडलांनी त्याचा ग्रह बेचिराख केला होता.”

“मग कमांडरला जाळा.”

“तोही वाईट नाही. त्याला हे माहीतच नव्हतं.”

जोतिरामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “मग आमी जाळायचं कुणाला?”

सरांनी वहीची पानं उलटून पाहिली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मित्रांनो, कुणाचाच दोष नसला की कापडाचं काही खरं नसतं. ठरलं असं: झटापटीत कमांडरने मला सम्राटाच्या अंगावरून ओढायचं, खाली टाकायचं आणि काळी बाजू वर आली की जोतिरामांनी पेटवायचं. तेव्हापासून विंगेत रॉकेलची बाटली होती. चांगलं काय, वाईट काय, यावर सर रोज बोलायचे. मला फक्त बाटलीचं बूच सैल आहे, एवढंच दिसायचं.

प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत ईरम्मा बसल्या होत्या. यंदा लेकाचं नाटक बघायचं म्हणून त्या कुणाला न सांगता वळसंगहून परत आल्या होत्या. नंदीशला ते झटापट सुरू झाल्यावर दिसलं. त्याने मला घट्ट धरलं. पृथ्वीराजने ओढलं. मी काळी झाले, पांढरी झाले, परत काळी. मागून कुणीतरी ओरडलं, “आरं, आता वाईट कोन हाय?” आणि मी पडले ती दुमडून. अर्धी काळी, अर्धी पांढरी.

जोतिराम एका हातात बाटली, दुसऱ्या हातात काड्यापेटी घेऊन आले आणि थांबले. त्यांच्या शर्टाला माईक होता.

“सर, आता कुटली बाजू धरायची?”

“तोच तर प्रश्न आहे,” सर विंगेतून म्हणाले.

जोतिरामांनी बाटली काखेत मारली, तशी सैल बुचातून ती माझ्यावर ठिबकली. मग काडी ओढली. पहिली विझली. दुसरी पेटली.

“थांब की रं!” ईरम्मा उठल्या होत्या. त्यांना लाल टाके दिसले होते. “ही माजी चादर हाय! नंद्या, बारो, ये हिकडं! ह्येच का तुजं भजन?”

जोतिरामांनी काडी फुंकली. ईरम्मा स्टेजवर चढल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “बगताय काय? घड्या घाला.”

सम्राटाने माझी दोन टोकं धरली, कमांडरने दोन. मला ताणलं, झटकलं, मग दोघे एकमेकांकडे चालत आले आणि टोकाला टोक लावलं. परत मागे गेले, परत जवळ आले. मंडपात टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, हाच शेवट. सरांनीही नंतर तसंच सांगितलं.

मित्रांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातल्या जुन्या चादरीला थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि तिची बाजू ठरवायची घाई करू नका. मला ईरम्मांनी रॉकेलच्या वासापायी उकळत्या पाण्यात घातलं. रंग थोडा गेलाच.

पुढच्या वर्षी मंडळाने ऑर्केस्ट्रा ठरवला आहे.