झंझावीर, भाग अठ्ठ्याऐंशी

'झंझावीर' या चित्रकथेचा अठ्ठ्याऐंशीवा भाग निव्वळ पाट्या टाकल्यासारखा निघाला, हे त्याच्या म्हाताऱ्या चित्रकाराला सोडून सगळ्यांना कळलं होतं. गोष्ट जागची हलत नव्हती. खलनायक शेवटपर्यंत 'येतो, येतो' म्हणत राहिला आणि आलाच नाही. वाचकांनी पत्रांतून पार धुलाई केली होती.

चित्रकारांना आता नीट दिसत नसे. पत्रं त्यांची लेक वाचून दाखवायची. चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांमधली अक्षरं वीस वर्षं तीच काढत आली होती, त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालणं तिला जड नव्हतं. शिव्यांची पत्रं ती बेमालूम कौतुकाची करून वाचायची. बाबा खूश होऊन मान डोलवायचे.

खरं काय ते फार वाईट होतं. या भागासाठी बाबांनी सहा महिने खपून साठ पानं काढली होती. झंझावीराचे डोळे गालांवर उतरले होते, इमारती कलंडल्या होत्या. संपादकांनी पानं परत केली. "ताई, हे छापलं तर लोक हसतील हो त्यांना," एवढंच ते म्हणाले. मग तिनं जुन्या भागांतली चित्रं कापून, चिकटवून कशीबशी मोट बांधली. बाबांचं नवं चित्र एकच, तेही तिनं हट्टानं घातलं: गच्चीच्या कठड्यावर पाठमोरा बसलेला झंझावीर. बाकीची पानं टेबलाच्या खालच्या खणात गेली.

आज खोडकाढेंचं पत्र आलं. हे नाव बापलेकीनंच ठेवलेलं. हा गृहस्थ पहिल्या भागापासून चुका काढत आला होता, आणि चूक काढणाऱ्याला बाबा आपल्या हातचं एक चित्र बक्षीस पाठवत. खोडकाढेंकडे एव्हाना चळत झाली असणार.

"अप्रतिम भाग! एकही चूक नाही," लेकीनं वाचलं.

"गप गं. खोडकाढे आणि कौतुक? मेला तरी करायचा नाही तो. लिहिलंय तसं वाच."

पत्राच्या शेवटी खरोखरच कौतुक होतं. त्या आनंदात तिनं सगळं पत्रच आहे तसं वाचून टाकलं.

"'भाग भिकार आहे. सगळी जुनी चित्रं चिकटवलीत. सदतिसाव्या पानावरचा, कठड्यावर बसलेला झंझावीर मात्र साहेबांच्या हातचा. रेघ थरथरते, पण काय बसलाय! साहेबांची तब्येत बरी नाही का?'"

बाबांनी तिच्याकडे तोंड वळवलं.

"माझं चित्र एकच?"

"हो, बाबा." तिला रडू आवरेना. "चुकलं माझं."

"बाकीची कुठं आहेत?"

तिनं खणातला गठ्ठा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. वरच्या पानावरून त्यांनी हात फिरवला. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"चूक काढली त्यानं. बक्षीस पाठवायला हवं."

"कुठलं पाठवू?"

"सगळीच पाठव." बाबांनी गठ्ठा तिच्याकडे सरकवला. "त्याला माझा हात ओळखता येतो."